भूगोलबाईंची पाणपोई

परवा फोनवर तुमच्या आईने तक्रार केली, की तुम्ही दोघांनी सगळी सुट्टी घोड्यावर बसून तलवारी घेऊन हिंडण्यात घालवली, आणि तीही खोलीतून न उठता. "आई, तुम्ही तरी समजवा त्यांना," असं ती म्हणाली. मी समजावणार नाही. याच विषयावर मी एकदा एका बाईंना फार समजावलं होतं आणि ते मला अजून सलतं. त्या बाईंबद्दलच लिहिते आहे. धाकट्याला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून थोरल्याने मोठ्याने वाचून दाखवावं.

शाळेत आम्ही शिक्षिका एकमेकींना विषयाच्या नावाने हाक मारत असू. मी इंग्रजीबाई, त्या भूगोलबाई. अंबडच्या त्या शाळेत आम्ही चोवीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. निवृत्तीनंतर त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक गल्ली तेवढी होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मैत्री टिकण्याचं तेही एक कारण असावं.

उंच, काटक बाई. पायात पुरुषी चपला. छत्री बारा महिने खांद्याला, पण ती फक्त उन्हात उघडायची. पाऊस आला की मिटायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्याकडं येतोच किती तो? आला त्याला कशाला अडवायचं?"

वर्गात त्या जगाचा नकाशा उलटा टांगत. दक्षिण वर, उत्तर खाली. एकदा तपासणीला साहेब आले. मान वाकडी करून त्यांनी विचारलं, "बाई, हे काय?" बाई म्हणाल्या, "साहेब, पृथ्वी आकाशात लटकून राह्यली. तिला वर-खाली कुणी सांगितलं?" साहेबांनी शेऱ्यात 'नकाशा सरळ लावावा' असं लिहिलं. बाईंनी तो शेरा वर्गात वाचून दाखवला आणि त्यावर निबंध लिहायला दिला.

आणि तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवलेल्या या बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. हसनाबादला शेतकऱ्याच्या घरी जन्म, औरंगाबादला शिक्षण, अंबडला नोकरी. मधल्या काळात सवड झाली नाही आणि सवड झाली तेव्हा गुडघे गेले. गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं हे आधी लक्षात घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

त्यांचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कामाला होता. दोन हजार चारच्या सुमारास त्याने आपला जुना कॉम्प्युटर आत्याला आणून दिला. तिने पत्रं टाइप करावीत अशी त्याची इच्छा होती. त्यात त्याचा एक खेळ राहून गेला होता.

तुम्ही खेळता तसाच. एक अख्खा कल्पित देश. डोंगर, दऱ्या, खेडी, तटबंदीची शहरं, जादूगार, राक्षस. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं आणि वाटेल तिकडे जायचं. पहिल्याच गावात राजाचा दूत निरोप घेऊन उभा असतो, की राज्य संकटात आहे, ताबडतोब या. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि त्या डोंगराकडे चालू लागल्या. तो दूत अकरा महिने तसाच उभा होता.

"अहो, राज्य बुडेल ना," मी म्हणायची.

"बुडू द्या. राजे लई पाहिले. मला हा ओढा कुठून निघतो ते पाहायचंय."

असा सगळा देश त्यांनी पायी पाहिला. घोडा विकत मिळायचा, पण त्यांनी घेतला नाही. त्याला दाणापाणी द्यायची सोय खेळात नव्हती आणि उपाशी जनावरावर बसणं त्यांच्याच्याने होईना. कुणाच्या घरात शिरलं तर तिथली भांडीकुंडी, भाकरी, पुस्तकं उचलता येत. सगळे खेळणारे ती उचलतात म्हणे. बाईंनी चमचासुद्धा उचलला नाही. उलट कुठे लवंडलेलं भांडं दिसलं तर ते सरळ करून ठेवायच्या. त्यात त्यांचा अर्धा तास जाई.

एका सकाळी गल्लीच्या पलीकडून हाक आली. "इंग्रजीबाई! या जल्दी! समुद्र आलाय!"

मी हातातलं पीठ तसंच ठेवून गेले. पडद्यावर राखाडी पाणी होतं, लाटा होत्या, दूर एक होडी होती. बाई खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या, गाभाऱ्यात बसतात तशा. आम्ही दोघी कितीतरी वेळ पाहत राहिलो. मग त्यांनी किनाऱ्यावर एक ओंडका बघून ठेवला आणि खेळातला सबंध दिवस तिथे उभ्या राहिल्या. ओंडक्यापर्यंत पाणी चढलं नाही आणि उतरलंही नाही.

"भरती न्हाई याला!" त्या ओरडल्या. "आकाशात दोन दोन चंद्र टांगलेत आन् भरती न्हाई! मी तीस वर्षं काय शिकवलं मंग?"

पुतण्याला फोन गेला. तो हसला आणि म्हणाला, "आत्या, तुला नसेल पटत तर बदल. लोक बदलतात." तेव्हा आम्हाला मॉड हा प्रकार कळला. तुम्हाला तो माहीत आहेच. आम्हाला मात्र तो फार नवलाचा वाटला. खेळ विकणारे वेगळे, आणि तो आवडला म्हणून जगभर कुठे कुठे बसून त्यात भर घालणारे वेगळे. कुणी पक्ष्यांचे आवाज घातले. कुणी खिडक्यांतून उजेड दिसेल असं केलं. कुणी गाईंना वासरं दिली. सगळं फुकट, आणि खाली नाव लिहायचं तेही बहुतेक टोपणनाव.

"हे तर धर्मादाय झालं," बाई म्हणाल्या. "विहीर बांधली आन् पाटी न्हाई लावली."

पुतण्या दिवाळीला तबकडीवर मॉड भरून आणी आणि आम्ही मोसंब्या निवडाव्यात तशा ते निवडत बसू. पक्षी ठेवले. वासरं ठेवली. बायकांची चिलखतं बदलणारा एक मॉड होता. त्यातलं चिलखत पाहून बाईंनी चष्मा पुसला. "एवढ्या बर्फात ही बाई अशी फिरून राह्यली? काढा ते. न्युमोनिया व्हईल तिला."

मी तोपर्यंत नुसती प्रेक्षक होते, नाक मुरडणारी. मी कामात कधी ओढली गेले ते सांगते. चैत्र होता आणि पत्रे तापले होते. बाई पडद्यावरच्या रस्त्याकडे बघत एकदम म्हणाल्या, "ही माणसं दिवसभर चालतात. एकानं तरी पाणी पिलेलं पाहिलं का तुम्ही?"

खरंच पाहिलं नव्हतं. दारूचे गुत्ते होते, पण पाणी कुठेच नव्हतं.

"आपण पाणपोई घालू," त्या म्हणाल्या.

मॉड करायचं साधन खेळाबरोबरच होतं, पण त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत. पावणेदोनशे पानं. ती मी वाचून मराठीत सांगायची आणि बाईंनी माऊस चालवायचा असं ठरलं. भारनियमनाचं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर डकवलं होतं. दहाला वीज आली की मी वही-पेन घेऊन हजर. निवृत्तीनंतर इतकी नियमित मी कशातच नव्हते.

रांजण जमला. त्यावर ओलं फडकं जमलं. शेजारी बसलेली म्हातारी जमली. तिच्या हातात बाईंना लांब दांड्याचं ओगराळं द्यायचंच नव्हतं. पेला हवा होता, आणि तो येणाऱ्याच्या हातात जायला हवा होता. ही हातात देण्याची कृती बसवायला आम्हाला सहा आठवडे लागले. मी कंटाळून म्हटलं, "ओंजळीत ओतू दे ना तिला. ते सोपं आहे. दिसायलाही छान दिसेल."

बाईंनी माऊस सोडला.

"हसनाबादला आमची पाणपोई व्हती, रस्त्यावर, लिंबाखाली. मी नऊ वर्षांची व्हते, मला बसवायचे तिथं. काही जणांना पेला द्यायचा आन् काही जणांना वरून ओतायचं, हे मला शिकवलेलं व्हतं. माझ्या वर्गातली एक पोरगी आल्ती एकदा. तिनं हात पुढं केला. मी पेला मागं घेतला आन् वरून ओतलं. ती पिली. दुसऱ्या दिवशी शाळेत मला बोलली बी. पण मी तो पेला मागं घेतला ना, ते माझ्या डोळ्यापुढून अजून गेलं न्हाई." मग माऊस पुन्हा हाती घेऊन म्हणाल्या, "इथं पेलाच द्यायचा. सगळ्यांना. मला ते एकदा माझ्या डोळ्यानं पाहायचंय."

त्या देशात शेपटीवाल्या माणसांची एक जमात होती. खेळातले गावकरी त्यांना वेशीवर हटकत, टोमणे मारत. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहायचा नाही हा बाईंचा पहिला नियम.

पुतण्याने आमची पाणपोई इंटरनेटवर ठेवली आणि आठवड्याने टेलिफोनवरच्या त्या कण्हणाऱ्या इंटरनेटमधून पत्रं आली. ती मी वाचून दाखवली. पहिलंच पत्र असं: "तुमच्या म्हातारीमुळे माझ्या शहरातली सगळी दुकानं बंद पडली आहेत." आम्ही खेळ उघडून पाहिला. लोहार, वाणी, पहारेकरी, सगळे रांजणाभोवती उभे. पाणी पिऊन झालेलं, पण हलायला कुणी तयार नाही. एक चोरही होता आणि त्याच्या शेजारीच त्याला शोधणारा शिपाई.

"आठवडी बाजार भरलाय की," म्हणत बाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

हे दुरुस्त करायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की बाईंना कडेचं दिसत नाही. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लांडगा आला तरी त्यांना पत्ता नसे. चहाची कपबशी त्या चाचपून घेऊ लागल्या होत्या. मी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली जपायची, थेंब घालायचे. किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

मुलांनो, मी शिकलेली बाई. मला वाटलं, आजाराचं कारण माझ्या समोर टेबलावर आहे. मी बाईंना समजावलं. रोज समजावलं. इंग्रजी मासिकातली कात्रणं वाचून दाखवली. त्या म्हणायच्या, "थेंब घालून राह्यले ना मी घड्याळ लावून? डॉक्टरनं कॉम्प्युटरचं नाव काढलं का?" त्यांनी काढलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मला विचारायची गरज वाटली नव्हती. शेवटी मी पुतण्याला फोन केला आणि म्हटलं, "तुझा हा खेळ तुझ्या आत्याचे डोळे खातो आहे."

पुढच्या रविवारी तो आला आणि कॉम्प्युटर घेऊन गेला. बाईंनी वाद घातला नाही. "वायरी नीट गुंडाळ, तुटतील," एवढंच त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चहा घेता ना, इंग्रजीबाई?"

त्यानंतर चार महिने त्या माझ्याशी बोलल्या, आणि तेच वाईट होतं. "बरं आहे ना?" "मुलाचा फोन आल्ता का?" "ऊन फार आहे." इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी असं कधी बोललो नव्हतो. रिकाम्या टेबलावर त्यांनी उलटा नकाशा पसरला होता आणि भिंग घेऊन त्या नद्या पाहत बसायच्या.

चार महिन्यांनी पुन्हा जालन्याला गेलो. तपासणी झाल्यावर मी डॉक्टरांना जरा अभिमानानेच सांगितलं, की आम्ही कॉम्प्युटर पूर्ण बंद केला आहे.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. "त्याचा काय संबंध? हा डोळ्यातल्या दाबाचा आजार आहे. पडद्यानं काही वाढत नाही. आवडत असेल तर खुशाल बघू द्या त्यांना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. येताना एसटीत खिडकीशी बसल्या. उसाचा ट्रॅक्टर पुढे चालला होता, त्याच्या मागे आमची गाडी रांगत होती. बऱ्याच वेळाने त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "किती महिने उरलेत, डॉक्टरला बी माहीत न्हाई. त्यातले चार तुम्ही घेतले."

"माझी चूक झाली, बाई."

"झाली."

"माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. कॉम्प्युटर आणा."

मी दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी धरली. पुतण्या म्हणाला, मी सुट्टीत आणून देतो. मी म्हटलं, सुट्टीपर्यंत नाही. तेव्हाचे पडदे आजच्यासारखे पातळ नव्हते. मागे पोट असायचं, हंड्याएवढं. ते धूड गोधडीत बांधून मी मांडीवर घेतलं आणि कॉम्प्युटरचा डबा पायांशी ठेवला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"मावशी, टीव्ही का?"

"कॉम्प्युटर आहे."

"नातवाचा?"

"मैत्रिणीचा."

"मैत्रीण काय वयाची?"

"एकसष्ट."

त्याने मला नीट निरखलं. "मंग सांभाळून धरा," म्हणाला, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून डब्यासाठी जागा करून दिली.

बाईंची नजर त्या चार महिन्यांत आणखी आक्रसली होती. नळीतून पाहावं तेवढंच दिसे. आता माऊस माझ्या हाती आणि हुकूम त्यांचे. पाणपोईपासून दहा पावलांत कुणी हत्यार काढायचं नाही, हा नियम पटकन बसला. पण माणसं तिथून हलायला तयार होईनात. पुस्तिका पुन्हा वाचल्यावर कारण कळलं. प्रत्येकाला पाणी पिऊन झाल्यावर 'आता जा' असा हुकूम द्यावा लागतो. तो आम्ही दिलाच नव्हता. आणि आता बाई तो देऊ देईनात.

"तो म्हातारीनं द्यायचा," मी म्हटलं. "एक ओळ लिहायची आहे फक्त."

"बिलकुल न्हाई. पाणी पाजून माणसाला जा म्हणायचं? माझ्या हातून न्हाई व्हायचं."

"अहो, मग ते जन्मभर उभे राहतील."

"राहू द्या."

असे तीन दिवस गेले. इथे नजर जात होती आणि त्या एका ओळीवर अडून बसल्या होत्या. मला रागही येत होता आणि मी बोलू शकत नव्हते, कारण चार महिने माझ्या नावावर होते. चौथ्या दिवशी चहा घेऊन मी घरी जायला उठले, नेहमीसारखी "येते बाई" म्हणाले, आणि दारातच थांबले.

"बाई, मला तुम्ही कधी जा म्हणालात?"

"मी कशाला म्हणीन?"

"तरी मी रोज जातेच ना. मीच निरोप घेते. तो हुकूम म्हातारीला नकोच. पिणाऱ्याच्याच तोंडी देऊ या."

बाई टेबल थोपटून म्हणाल्या, "बसा खाली! वीज जायच्या आत लिहा. जल्दी!"

त्यानंतर बाई सात वर्षं होत्या. त्यातली पाच पूर्ण अंधारात गेली. मी रोज दहाला जात असे. पण मला त्यातली आठवते ती त्या दुरुस्तीनंतरची दुसरी सकाळ. आम्ही रांजण आता एका खेड्याच्या वेशीबाहेर, पुलाच्या अलीकडे ठेवला होता. बाईंनी नाक जवळजवळ काचेला लावलं होतं. मी त्यांच्या नजरेच्या मधोमध म्हातारी आणि रांजण धरून ठेवले होते. वाणी आला, प्यायला, निरोप घेऊन गेला. एक शिपाई आला आणि गेला. बाई कुणाची वाट पाहत आहेत ते मला माहीत होतं.

अकराच्या पुढे तो आला. शेपटीवाला, अंगावर फाटका झगा, पायी. वेशीवरचा पहारेकरी सवयीने त्याला काहीतरी टोचून बोलला. तो रांजणापाशी थांबला. म्हातारीने पेला बुडवला आणि पुढे केला. त्याने हात पुढे केला. पेला त्याच्या हातात गेला. तो उभ्यानेच प्यायला, पेला परत दिला, मान लववली आणि निरोप घेतला.

बाईंचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी ते घट्ट धरलं होतं.

"निघाला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माझ्या नजरेबाहेर गेला. तुम्हाला दिसून राह्यला का?"

"दिसतोय."

"कुठवर गेला?"

"पुलावर आहे."

"कुणी हटकलं का?"

"नाही. पूल उतरला. आता चढावर लागला."

"आन् आता?"

"झाडांपाशी. लहान झालाय अगदी." मी पडद्याकडे वाकले. "आता दिसेना झाला."

"कुणाला? मला का तुम्हाला?"

"दोघींनाही."

"मंग बराबर आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.